नमुना पत्र क्रमांक सात

५ जानेवारी

प्रिय धाकटे,

आशीर्वाद; पण खरं तर आधी तुझा कान धरायला हवा. नऊ वर्षांत तुझी मला मोजून चार पत्रं, आणि तीही पोस्टकार्डं. मी अडुसष्टची झाले, तू एकसष्टची. आता रुसण्याचं वय राहिलं का आपलं?

पत्राचं कारण असं की या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आपल्या विश्वनागरिक मंडळाला पंचवीस वर्षं होतायत. ‘आपल्या’ मुद्दाम म्हणते. पहिली सोळा वर्षं तू चिटणीस होतीस, आणि जुन्या फायलींवर अजून तुझंच कोंबडीचे पाय अक्षर आहे. खोली तीच, चपलांच्या दुकानावरची. जिना तोच, आठवी पायरी अजून हलते. भिंतीवरचा जगाचा नकाशा मात्र नवा आणला. जुन्याची टाचण्या टोचून टोचून चाळण झाली होती. दर रविवारी चारला सभा भरते. महिन्याला एक ‘पाहुणा देश’ असतो. शाळेतली मुलं तिकडच्या मुलांना पत्रं लिहितात, ती मी तपासते. मागच्या महिन्यात ओढा साफ केला, अठरा पोती प्लास्टिक निघालं. काचकारखान्यातल्या परदेशी कामगारांचा भाषेचा वर्गही चालू आहे. दंतवैद्यच अजून अध्यक्ष. समुद्रावर बोलायला उभे राहिले की त्यांना भरती येते, ओहोटीचं नाव नाही. दुसऱ्यांना ‘आ’ करायला लावून लावून या माणसाचं स्वतःचं तोंड मिटेनासं झालंय.

आता मोठी बातमी. जागतिक महासंघानं सगळ्या देशांतल्या शाखांसाठी एक पुस्तिका काढली आहे, कोणत्या प्रसंगी कुणाला काय लिहावं याची. त्यात माझं पत्र छापलंय! नमुना पत्र क्रमांक सात, ‘परदेशी मृताच्या नातेवाइकांस’. अकरा भाषांत, धाकटे. एका भूगोलाच्या मास्तरणीचं पत्र अकरा भाषांत.

आणि गोल्या. तो जूनमध्ये महासंघाच्या परदेशातल्या एका शाखेत गेला हे तुला कळलं असेलच, तुझा भाचा तुला लिहितोच. डोंगरातल्या गावांना पाणी पोचवण्याचं काम आहे, पंप बसवतो, नळ टाकतो. तीस वर्षांचा घोडा, पण जायला तयार नव्हता. ‘मला इथलंच बरं वाटतं’ म्हणे, पंपाच्या दुकानात मिस्त्री म्हणूनच राहायचं होतं. मी म्हटलं, विहिरीतला बेडूक होऊ नकोस. भूगोलाच्या बाईचा मुलगा आणि गावाची वेस ओलांडली नाही, लोक तोंडावर हसतील माझ्या. शेवटी गेला.

तू ये. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवते.

तुझी
ताई


१४ जानेवारी

ताई,

नमस्कार. अक्षर कोंबडीचे पाय आहे खरं, पण त्याच पायांवर सोळा वर्षं तुझं मंडळ चाललं.

मी येणार नाही. कारण तुला ठाऊक आहे आणि आता ते अकरा भाषांत छापूनही आलंय.

तुला तुझं पत्र आठवतं. मला त्याच्या आधीचं आठवतं, जे कुठल्या पुस्तिकेत नाही. तो काचकारखान्यातला मुलगा, सव्वीस वर्षांचा, आपल्या वर्गाला यायचा, सगळे काचवालाच म्हणायचे त्याला. तापानं गेला. घरच्यांचा पत्ता तीन आठवडे सापडेना, तेव्हा मंडळानं टेकडीमागच्या दफनभूमीत जागा घेतली आणि आपल्या माणसासारखं त्याला पोचवलं. इथवर तू केलंस ते लाख मोलाचं होतं, मी आजही म्हणेन. मग त्याच्या आईचं पत्र आलं. चार ओळी. ‘तुमचे उपकार विसरणार नाही. आता माझा मुलगा मला परत द्या. न्यायला माणसं येतील, तुमची फक्त सही लागते. मला त्याच्याजवळ बसायचं आहे.’

सही, ताई. जागा मंडळाच्या नावावर, म्हणून मंडळाची सही. बाकी काही मागितलं नव्हतं तिनं. पण तोवर तुम्ही त्याच्या दगडावर ‘विश्वनागरिक’ कोरून घेतलं होतं, शाळेची मुलं तिथं शपथ घेऊन आली होती, महासंघाच्या अंकात फोटो आला होता. तो परत गेला असता तर मंडळाचं नाक गेलं असतं. तू उभी राहून म्हणालीस, ‘माती सगळी एकच आहे.’ बारांतले अकरा हात वर झाले. एक खाली राहिला तो माझा. त्याच संध्याकाळी फायली तुझ्या दारात ठेवल्या, आणि महिन्याभरात मी हे गाव गाठलं.

त्या बाईला तुम्ही मुलगा दिला नाहीत, प्रमाणपत्र दिलंत. चौकटीत घालून.

असो. झालं ते झालं, उकरून काढायचं नव्हतं, तूच खपली काढलीस. दुकान बरं चाललंय. लोक नवे कपडे शिवत नाहीत, पण जुने सैल-घट्ट करायला आणतात. माणसं आकार बदलायची थांबत नाहीत तोवर मला मरण नाही. परवा कुणी कडी वाजवली, दोनदा, टक टक, अगदी तू वाजवतेस तशी. मी हातातली कात्री टाकून धावले. बघते तर शेजारची बेकरीवाली. ती त्या काचवाल्याच्याच देशातली. गोल्या गेलाय तो मुलूख त्यांच्या देशाला लागूनच आहे म्हणाली, एका दिवसाचा बसचा रस्ता.

गोल्याचं मन लागलंय का तिथं? पंप किती बसवले ते नको सांगू. मन लागलंय का, एवढं विचारलंयस कधी?

तुझी
धाकटी


२ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र मिळालं. जिभेला तुझ्या हाड नव्हतंच, आता लेखणीलाही नाही.

कार्यक्रम उत्तम झाला. दोनशे माणसं आली, जिन्यावर उभी होती. तुझी खुर्ची रिकामी राहिली, शेवटी चपलेवाल्यांनी तिथं हार ठेवले. मी गोल्याचं पत्र वाचून दाखवलं. ‘आई, सतरावा पंप बसवला. मी मजेत आहे. तू पायाला जप.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मजेत आहे असं तो स्वतः लिहितो, तेव्हा मन लागलंय का हा प्रश्न कुठून काढलास? तुला त्याला पदराखाली ठेवायचं होतं, लहानपणापासून. माझ्या सभा असायच्या तेव्हा तो तुझ्याकडे असायचा, तुझ्या इथल्या जुन्या दुकानात, तू सभेला न येता तिथंच फायली लिहीत बसायचीस; त्याचे हे परिणाम.

आणि त्या आईबद्दल. मला दगडाच्या काळजाची ठरवू नकोस. मी रात्रंदिवस विचार करून ते पत्र लिहिलं होतं. एका मुलासाठी आपण नियम मोडला की विचार संपला. उद्या प्रत्येक जण म्हणेल, माझं माणूस, माझी माती. मग ‘माझं’ सोडायचं कुणी आणि कधी? मी माझा एकुलता एक पाठवलाच ना?

रागावून लिहिलं आहे, तरी पाठवते. तुझ्या गुडघ्याला तेल चोळत जा.

ताई


९ मार्च

धाकटे,

गोल्या गेला.

गेल्या रविवारी सभा चालू होती. खाली दुकानात फोन आला. चपलेवाले वर आले ते अनवाणी. पंचवीस वर्षांत त्या माणसाला मी अनवाणी पाहिलं नव्हतं. नळासाठी चर खणत होते, पाऊस लागला होता, बाजू खचली. तिघं आत होते, दोघं निघाले. रस्ते तुटलेले, तारा तुटलेल्या. चौथ्या दिवशी फोन लागला तोवर तिथल्या शाखेनं त्याला पुरलंही होतं. फार चांगल्या जागी पुरलं म्हणे. झाडाखाली. सगळं गाव आलं होतं.

मी होते कुठं? मी पाहुणा देश शिकवत होते.

मी त्यांना पत्र टाकलंय. मला काही नको, माझा मुलगा द्या. माझ्या पायाची शस्त्रक्रिया झालेली, डॉक्टर मला त्या डोंगरात जाऊ देत नाहीत, तर तुम्ही त्याला माझ्याकडे धाडा. जागा तुमच्या शाखेच्या नावावर आहे, तुमची सही लागेल, ती करा. एवढंच लिहिलं. शाळेतल्या पोरीसारखं अक्षर आलं.

तू ये गं. रुसवा नंतर.


२८ मार्च

ताई,

काल संध्याकाळी पोचले. पंधरा दिवस तुझ्याजवळ राहून, तुझ्या अंथरुणाशेजारी झोपून जे सांगता आलं नाही, ते आता घरी येऊन लिहितेय. भित्री आहे मी. तोंडाचा पट्टा चालवणारी माणसं मुळात भित्रीच असतात.

तू तिथं रोज म्हणायचीस, ‘निदान तो आनंदात होता, मजेत आहे म्हणाला होता.’ मी दर वेळी मान हलवली. मग तू त्याची कामाची पेटी उघडलीस, त्यातला तो जुना पाना हातात घेऊन बसलीस, आणि म्हणालीस, ‘त्याला मी जग दिलं.’ तेव्हा मला वाटलं, सांगावं. आणि वाटलं, आधीच जखम, त्यावर मीठ कशाला. पण तू त्याला परत मागते आहेस. कुणासाठी मागते आहेस हे तुला कळायला हवं. त्याचं मला आलेलं शेवटचं पत्र उतरवून देते. मूळ कागद माझ्याजवळ ठेवते, माफ कर.

‘मावशी, इथली माणसं फार चांगली आहेत. मला आपल्यातलाच मानतात. पण मी त्यांच्यातला नाही गं. ते हसतात तेव्हा मी दोन क्षण उशिरा हसतो. जूनला वर्ष भरतं, मी परत येणार. पंपाच्या दुकानातली माझी जागा कुणाला देऊ नका म्हणून मालकांना सांगून ठेव. आईला आत्ता सांगू नको. तिचा पंचवीस वर्षांचा कार्यक्रम आहे, तिला चार माणसांत कमीपणा येईल. मी आल्यावर तिला समजावतो. फार तर दोन दिवस बोलणार नाही, तिसऱ्या दिवशी नकाशा घेऊन बसेल.’

मालकांना मी सांगून ठेवलं होतं. ते ‘बरं’ म्हणाले होते.

माझ्यावर राग काढ. मी वेळेवर तुला कळवलं असतं तर तू त्याला आधी बोलावलं असतंस की नाही, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते, आणि उत्तर काहीही आलं तरी झोप लागत नाही.

धाकटी


२० एप्रिल

धाकटे,

राग नाही. राग कुणावर करू? मी त्याला बेडूक म्हणाले होते.

आज तुला दुसरंच सांगायचं आहे. तिकडच्या शाखेचं उत्तर आलं. त्यांच्या भाषेत होतं, म्हणून रविवारी दंतवैद्य भाषांतर करून वाचायला बसले. अकरा-बारा जणच होतो. ते एकेक ओळ लावत वाचत होते.

‘आदरणीय माता, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आपला मुलगा परक्या मातीत नाही.’

इथं ते अडखळले. मला वाटलं, शब्द अडला. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. ‘माती सगळी एकच आहे. त्याला आम्ही आमच्या गावाचा नागरिक मानलं आहे, सोबत प्रमाणपत्र जोडत आहोत.’ मग ते थांबलेच. चपलेवाले खाली फरशीकडे बघायला लागले. मी म्हटलं, ‘वाचा की पुढं.’ ते म्हणाले, ‘बाई, राहू दे.’

मी म्हटलं, ‘मग मी सांगते. मला पाठ आहे.’ आणि उरलेलं मीच म्हणून दाखवलं, कागद न बघता. ‘आपण दुःख करू नये. आपण एक मुलगा गमावला, पण आपल्याला एक गाव मिळालं आहे.’

नमुना पत्र क्रमांक सात. बिचाऱ्यांनी शोधून, पुस्तिकेतलं सगळ्यात चांगलं म्हणून माझंच पत्र मला पाठवलं. कुणी लिहिलंय हे त्यांना कुठून ठाऊक असणार? पुस्तिकेत नावं नाहीत, विश्वनागरिकांना नावं कशाला. वाईट हेतू काडीचा नाही. माझाही नव्हता गं. हेतू चांगलाच होता, आणि तोच आज माझ्या छातीवर येऊन बसलाय.

मला गाव नकोय. काय करू मी गावाचं? मला गोल्या हवाय, त्याच्याजवळ जाऊन बसायचंय. त्या बाईनं हेच लिहिलं होतं ना? ‘मला त्याच्याजवळ बसायचं आहे.’ मी नऊ वर्षांपूर्वी ती ओळ वाचली होती आणि मला वाटलं होतं, किती साधी, न शिकलेली बाई आहे.

प्रमाणपत्र आलंय. चौकटीत आहे. काच फुटली नाही, फार नीट बांधून पाठवलंय.

तुझ्याकडे त्या आईचा पत्ता असेल का? चिटणीस तू होतीस. ती जिवंत आहे की नाही देव जाणे, पण मला तिला लिहायचंय.

ताई


२७ एप्रिल

ताई,

ती जिवंत आहे. शहात्तर वर्षांची आहे, डाव्या डोळ्यानं दिसत नाही, आणि तिला पावसाळ्यात दम लागतो. मला हे ठाऊक आहे, कारण नऊ वर्षं मी तिला पत्रं लिहितेय.

थांब, एवढंच नाही. आता पूर्ण सांगते, मग तू मला काय म्हणायचं ते म्हण.

इथं आल्यावर पहिल्या वर्षी मला ते चौकटीतलं प्रमाणपत्र झोपू देईना. बेकरीवालीकडून मी तिला एक पत्र लिहून घेतलं. काय लिहू? मंडळ चुकलं, असं लिहिलं असतं तर तिला मुलगा थोडाच मिळणार होता. म्हणून मी लिहिलं की तुमचा मुलगा एकटा नाही. माझी थोरली बहीण, जिनं तुम्हाला ते पत्र लिहिलं, ती दर रविवारी सभा झाली की टेकडीमागं जाते आणि त्याच्याजवळ बसते. गवत काढते. त्याच्याशी दोन शब्द बोलते.

खोटं. धादांत खोटं. पण एकदा टाका घातला की पुढचा घालावाच लागतो. तिनं विचारलं, बहीण काय बोलते त्याच्याशी? मग मी तेही रचलं. दर वर्षी तिची दोन पत्रं येतात, आणि प्रत्येकात शेवटी तुझ्यासाठी आशीर्वाद असतो. ‘त्या थोरलीला सांगा, देव तिच्या लेकराला सावलीत ठेवो.’ अठरा आशीर्वाद, ताई. मी एकही तुला पोचवला नाही, कारण पोचवायचं तर खोटं उघडं पडणार.

गोल्याचं तिला कळवलंय. बेकरीवाली लिहिताना रडत होती. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय.

धाकटी


१५ मे

धाकटे,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी उठले. गोल्यानं मला बरोबर ओळखलं होतं.

काठी घेऊन टेकडीमागं गेले. नऊ वर्षांत एकदाही गेले नव्हते. पहिल्या वर्षीची शपथ झाली, मग पावसात मुलांना न्यायला नको म्हणून ती खोलीतच घ्यायला लागलो, मग विसरलो. मला जागा सापडेना. भूगोल शिकवत जन्म गेला, आणि आपल्याच गावातली एक कबर मला सापडेना! शेवटी तिथल्या राखणदाराला विचारलं. त्यानं काटेरी झुडपात हात घालून दाखवलं. दगड कलंडलेला. ‘विश्वनागरिक’ एवढंच कोरलंय, खाली मुलाचं नाव घालायचं राहूनच गेलं. मी लिहिलेला मजकूर, मीच तपासलेला.

मी बसले. बोलायला काही सुचेना. ‘मला माफ कर’ म्हटलं आणि उगाच इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. अजून लाज शिल्लक आहे बघ.

रविवारी सभेत मी ठराव मांडला, सही करायचा. दंतवैद्य म्हणाले, ‘बाई, पण विचाराचं काय?’ मी म्हटलं, ‘डॉक्टर, विचार आपल्याजवळ ठेवू. मुलगा तिचा तिला देऊ.’ हात वर करायला सांगावंच लागलं नाही. चपलेवाल्यांनी पेन पुढं केलं.

महासंघाला लिहिलंय की क्रमांक सात काढून टाका. त्यांनी विचारलंय, त्या जागी दुसरं कुठलं घालू. मी कळवलं, सहीची जागा कोरी असलेला परवानगीचा अर्ज घाला.

आता गोल्याचं. शाखेनं माझं दुसरं पत्र वाचून लगेच सही दिली, माफीही मागितली. पण तिथल्या सरकारचा कायदा आहे, पुरल्यावर दहा वर्षं जमीन उकरता येत नाही. दहा वर्षांनी मी अठ्ठ्याहत्तरची. तोवर मी असेन की नाही, आणि असले तरी उठून दार उघडता येईल की नाही, कोण सांगणार. तो तिथंच राहणार, धाकटे. ज्याला इथलंच बरं वाटायचं, तो.

त्या आईला पत्र लिहिलंय, सोबत जोडते. बेकरीवालीकडून करून घे. खरं ते सगळं लिहिलंय, मी कधीच बसले नाही हेसुद्धा. एक अक्षर बदलू नकोस. तुझी शिलाई इथं नको.

ताई


३ सप्टेंबर

धाकटे,

काचवाला त्याच्या घरी पोचला. जुलैत माणसं आली होती, दोन भाऊ, अबोल. मी पूर्ण वेळ उभी होते. जाताना थोरल्यानं माझ्या पायाला हात लावला, मी पाय मागं घेतले.

आता जागा मोकळी आहे, नुसता खड्डा बुजवलेला. तरी मी रविवारी सभा झाली की तिथं जाते. राखणदार म्हणाला, ‘बाई, आता तर इथं कुणीच नाही.’ मी म्हटलं, ‘म्हणूनच मला जागा आहे.’ नऊ वर्षांचे रविवार माझ्याकडून राहिलेत, तेवढे बसते.

तू पाठवलेलं त्या आईचं पत्र परवा मिळालं. मला वाटलं होतं शिव्या असतील, आणि शिव्या मी गोड मानून घेतल्या असत्या. तिनं लिहिलंय, ‘तू बसत नव्हतीस हे वाचून मी दोन दिवस तुझा द्वेष केला. मग आठवलं, त्या खोट्यावर मला नऊ वर्षं झोप लागली. आता माझा मुलगा अंगणापलीकडं आहे. मी रोज त्याच्याजवळ बसते. माझी मोठी लेक बस चालवते, सीमेपर्यंत तिची फेरी असते. तुझ्या मुलाचं गाव तिथून पुढं अर्ध्या दिवसावर आहे. दर महिन्याच्या सुट्टीला ती जाईल आणि बसेल, आणि हे खोटं नाही. फक्त कळव, त्याला काय आवडायचं? रिकाम्या हातानं, रिकाम्या तोंडानं कसं जायचं कुणाकडं.’

धाकटे, मी कागद घेऊन सकाळपासून बसले आहे. त्याला काय आवडायचं? पंप, असं लिहिलं आणि खोडलं. मला त्याच्या गावाचे अक्षांश-रेखांश सांगता येतात, पाऊस किती पडतो ते सांगता येतं. त्याला काय आवडायचं ते मला ठाऊक नाही. माझ्या सभा असायच्या. तो तुझ्याकडे असायचा.

तू सांग ना गं.

ताई


१० सप्टेंबर

ताई,

लिही.

त्याला नळ सोडल्यावर आधी जी नुसती हवा येते, तिचा आवाज आवडायचा. सकाळी एकदा उठवलं की पुन्हा झोपायला आणि दुसऱ्यांदा हाक मारून घ्यायला आवडायचं. हे सगळं लिही, ती बाई समजेल.

पण खरं आवडायचं ते एकच, आणि ते मी तुला इतक्या वर्षांत सांगितलं नाही. माझाच जळकेपणा. रविवारी पाच वाजले की तो माझ्या दुकानातलं खेळणं टाकून द्यायचा आणि दाराच्या आतल्या बाजूला जाऊन जमिनीवर बसायचा. मी खाऊ दिला, गोष्ट सांगितली, तरी उठायचा नाही. तुझी सभा लांबली की सहा वाजायचे, साडेसहा वाजायचे. मग तू यायचीस आणि कडी वाजवायचीस, दोनदा, टक टक. तेव्हा तो उठून मला म्हणायचा, ‘मावशी, आली.’ दार उघडायच्या आधीच त्याचं तोंड असं काही व्हायचं की मला तुझा हेवा वाटायचा.

तर त्या लेकीला सांग, नेण्यासारखं काही नको. नुसती जाऊ दे. आणि बसायच्या आधी त्याच्या दगडावर दोनदा वाजव म्हणावं.

तुझी
धाकटी